रक्तदाबाची गोळी देताना : शुश्रूषागृहे आणि वृद्धाश्रमांनी घ्यावयाची दक्षता

सातिवली, वालीव, गोखिवरे या वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात घरातील कर्ती माणसे कारखान्यात पाळीने किंवा लोकलने मुंबईला कामावर जात असल्यामुळे आजारी ज्येष्ठांना दिवसभर सांभाळायचे कोणी, हा प्रश्न अनेक कुटुंबांना सोडवावा लागतो. हाड मोडल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर अशा व्यक्ती काही आठवडे खाजगी नर्सिंग होममध्ये, तर काही जण कायमचे वृद्धाश्रमात राहतात. आजार, इजा किंवा दुबळेपणा असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो आणि वसई-विरारमध्ये तिची नोंदणी महानगरपालिकेकडे करावी लागते. वृद्धाश्रमांचा विचार आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यात आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर असणे आवश्यकच आहे, परंतु रात्री नऊ वाजता हाताशी असलेल्या एकाच परिचारिकेने किंवा मावशीने कोणाला कोणती गोळी द्यावी, कोणाला देऊ नये आणि शंका आल्यास कोणाला फोन करावा, याचे उत्तर त्या कागदात मिळत नाही. ते प्रत्येक संस्थेने आपल्या डॉक्टरांसह आधीच लिहून ठेवावे लागते.

रक्तदाबाच्या औषधांबाबत सर्वसाधारण भीती असते ती दाब वाढण्याची, आणि तरुण किंवा मध्यमवयीन रुग्णाच्या बाबतीत ती रास्तही आहे. अतिवृद्ध आणि दुबळ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र दाब एकाएकी खाली जाणे हा तितकाच, किंबहुना अनेकदा अधिक निकटचा धोका असतो. उभे राहताना रक्त पायांकडे ओढले जाते आणि निरोगी शरीर काही क्षणांत रक्तवाहिन्या आकुंचित करून व नाडीची गती वाढवून दाब सावरते. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते, त्यातच तहान कमी लागल्यामुळे शरीरातील पाणी घटलेले असते, मूत्रपिंडाचे काम कमी झाल्यामुळे काही औषधे रक्तात अधिक काळ टिकतात, आणि परिणामी पहाटे शौचालयाकडे निघालेली व्यक्ती डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडते. खुब्याचे हाड मोडल्यानंतर अनेक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. म्हणून रक्तदाबाची गोळी देण्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाने, दाब किती खाली आणायचा आहे याइतकेच, तो किती खाली जाऊ द्यायचा नाही हेही जाणून घेतले पाहिजे.

त्यासाठी पहिली गरज आहे ती स्पष्ट लेखी आदेशाची. रुग्णाबरोबर आलेली गोळ्यांची पिशवी, नातेवाइकाने तोंडी सांगितलेली माहिती किंवा जुन्या डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलवरील फोटो यांच्या आधारे औषध सुरू ठेवणे ही अत्यंत प्रचलित आणि तितकीच धोकादायक पद्धत आहे. रुग्ण दाखल होताच घरी प्रत्यक्षात कोणत्या गोळ्या चालू होत्या, त्यांतल्या कोणत्या बंद केल्या होत्या आणि कोणत्या नावापुरत्या होत्या, याची यादी पत्ते व बाटल्या समोर ठेवून करावी आणि डॉक्टरांनी ती तपासून नव्या औषध-नोंदपत्रकावर स्वतः उतरवावी. त्या पत्रकावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी दिले आहे हे तर असावेच, शिवाय औषध कोणत्या स्थितीत रोखायचे याची मर्यादाही असावी. अनेक रुग्णालयांत वरचा दाब, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, १०० च्या खाली असल्यास गोळी रोखून डॉक्टरांना कळवतात, आणि मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बायसोप्रोलॉल यांसारख्या नाडी मंद करणाऱ्या औषधांसाठी नाडी मिनिटाला ५० ते ६० च्या खाली गेल्यास तसेच करतात. हे आकडे सर्वांना सरसकट लागू करण्याचे नाहीत, कारण हृदय दुबळे असलेल्या एखाद्या रुग्णाचा नेहमीचा दाबच १०० च्या आसपास असतो आणि त्याची गोळी दाब कमी करण्यासाठी नसून हृदयाला आधार देण्यासाठी असते; म्हणूनच मर्यादा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे लिहिली गेली पाहिजे आणि ती लिहून घेण्याचा आग्रह परिचारिकेने न संकोचता धरला पाहिजे.

मर्यादेचा उपयोग व्हायचा तर मोजणी खरी असावी लागते. रुग्णाला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून किमान पाच मिनिटे शांत बसू द्यावे; त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झालेली नसावी, लघवी तुंबलेली नसावी आणि मोजणी चालू असताना बोलणे टाळावे. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. पट्ट्यातील हवेच्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा वाढलेला दिसतो, तर कृश वृद्धेच्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर तो खोटा कमी दिसतो, म्हणून एकाच पट्ट्यावर सारा विभाग चालवणे ही काटकसर परवडणारी नाही. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर पट्टा कधीही बांधू नये. नाडीचे ठोके अनियमित असतील तर स्वयंचलित यंत्राचे आकडे भरवशाचे नसतात; अशा वेळी मोजणी दोन-तीनदा करावी आणि नाडी बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजावी. कालचाच आकडा आज थोडा बदलून लिहिण्याची सवय जिथे असेल तिथे पुढील सर्व दक्षता निरर्थक ठरते, हे संस्थाचालकांनी कठोरपणे लक्षात घ्यावे.

नवे औषध सुरू केल्यावर, मात्रा वाढवल्यावर, रुग्णाला चक्कर आल्यावर किंवा तो पडल्यावर उभ्याने दाब मोजणे आवश्यक आहे आणि नेमकी हीच मोजणी सर्वांत जास्त राहून जाते. रुग्ण काही मिनिटे आडवा असताना एकदा, आणि उभा राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक अथवा खालचा दाब १० किंवा त्याहून अधिक उतरला तर त्याला उभे राहताना होणारा दाबपात म्हणतात आणि तो त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावा. मोजणीच्या वेळी आधाराला दुसरी व्यक्ती जवळ असावी. पुरुषांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे प्रॅझोसिन यांनी हा दाबपात वाढतो; प्रॅझोसिनच्या तर पहिल्याच मात्रेने रुग्ण कोसळू शकतो, म्हणून ती रात्री झोपताना देऊन रुग्णाला एकट्याने उठू नये असे बजावण्याची पद्धत आहे.

गोळी देण्याच्या प्रत्यक्ष क्रियेत होणाऱ्या चुका बहुधा घाईतून आणि साम्यातून होतात. वसईत पाटील, नाईक, वर्तक, रॉड्रिग्ज, डाबरे अशी आडनावे घरोघरी असल्यामुळे एकाच मजल्यावर दोन ‘पाटील आजी’ असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून केवळ हाक मारून गोळी देऊ नये, तर पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा मनगटावरील पट्टीवरून पत्रकाशी ताडून पाहाव्यात, कारण स्मृतिभ्रंश झालेली किंवा कमी ऐकू येणारी व्यक्ती कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणते. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात.

औषधांच्या नावांतील साम्य याहून फसवे असते. टेल्मिसार्टन हे रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम रोखणारे औषध अनेक कंपन्या विकतात, आणि एकाच व्यापारी नावापुढे ‘एच’, ‘एएम’, ‘सीटी’ अशी अक्षरे जोडली की आतील घटक बदलतात : सर्वसाधारणपणे ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध, ‘एएम’ म्हणजे ॲम्लोडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध आणि ‘सीटी’ म्हणजे क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे, दीर्घकाळ काम करणारे औषध. रुग्णाला ‘एएम’ असलेली गोळी चालू असताना जुन्या कागदावरील सुटी ॲम्लोडिपिनही दिली गेली, तर एकच औषध दुप्पट जाते आणि कोणालाही ते दुप्पट वाटत नाही. एस-ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम हे साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमइतके काम करते, हे ठाऊक नसल्यास ‘मात्रा कमी आहे’ असे समजून दोन गोळ्या दिल्या जातात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे : पत्रकावर आणि बोलण्यातही व्यापारी नावाऐवजी मूळ नाव वापरावे, आणि औषध दुकानदाराने पर्यायी कंपनीची गोळी दिली असेल तर ती देण्यापूर्वी पत्त्यावरील बारीक अक्षरांतील घटक वाचावेत, त्यासाठी औषधाच्या कपाटाजवळ चांगला दिवा आणि भिंग ठेवावे.

गोळ्या पत्त्यातून आधीच सोडवून नाव लिहिलेल्या वाट्यांत काढून ठेवण्याची पद्धत वेळ वाचवते, परंतु पत्त्यातून बाहेर पडलेल्या पांढऱ्या गोळीची ओळख जवळपास संपते; म्हणून गोळी रुग्णासमोरच सोडवावी, त्याने ती गिळल्याची खात्री करावी, कारण गालात धरून ठेवलेली गोळी नंतर उशीखाली सापडते, आणि नोंद तिथेच, त्याच क्षणी करावी. पाळी संपताना सर्वांची नोंद एकदम केली तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला रिकामा रकाना दिसतो व ती गोळी पुन्हा देते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नयेत. गोळी रोखली तर ‘दिली नाही’ एवढे पुरेसे नाही. त्या वेळचा दाब, नाडी, कारण आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळ लिहावी. सलग रोखत राहणे हाही धोका आहे : क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलॉलसारखी औषधे अचानक थांबल्यास दाब उसळतो, छातीत दुखू शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, त्यामुळे ही औषधे बंद करण्याचा निर्णय संस्थेतील कोणीही परस्पर घेऊ नये.

गिळता न येणाऱ्या किंवा नाकातून नळी असलेल्या रुग्णासाठी गोळी कुटून देण्यापूर्वी तिच्या नावापुढची अक्षरे पाहावीत. ‘एक्सएल’, ‘ईआर’, ‘एसआर’ किंवा ‘रिटार्ड’ असे लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की १२ किंवा २४ तासांची मात्रा थोड्याच वेळात रक्तात उतरते आणि दाब कोसळतो. अशा वेळी त्याच औषधाचा साधा प्रकार किंवा द्रव पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. कुटता येणाऱ्या गोळ्याही प्रत्येकी वेगळ्या कुटून, पाण्यात मिसळून नळीतून द्याव्यात आणि मध्ये साधे पाणी सोडावे. सर्व गोळ्यांची एकत्र पूड करून ती भाताच्या पेजेत मिसळणे टाळावे, कारण पेज अर्धी उरली तर औषध किती गेले हे कळत नाही.

दाब अचानक वाढलेला आढळल्यास होणारी धावपळ कित्येकदा मूळ दाबापेक्षा अधिक हानी करते. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून तिचा द्रव जिभेखाली टाकण्याची पद्धत एके काळी सर्वत्र होती; तिने दाब अनियंत्रितपणे उतरून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याचे नोंदले गेल्यानंतर १९९६ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातून ती थांबवण्याचे आवाहन झाले, आणि तरीही ‘जिभेखाली काहीतरी द्या’ ही मागणी अजून ऐकू येते. ती निक्षून नाकारावी. दाब १८०/१२० च्या वर असला परंतु रुग्णाला कोणताही त्रास नसेल, तर प्रथम वेदना, तुंबलेली लघवी, घबराट, चुकलेली गोळी यांपैकी काही कारण आहे का ते पाहावे, रुग्णाला शांत बसवून पुन्हा मोजावे आणि डॉक्टरांना कळवावे. दाब काही तासांत नव्हे, तर दिवसांच्या अवधीत सावकाश आणणे अशा रुग्णाला हितकर असते. याउलट छातीत दुखणे, दम लागणे, बोबडे बोलणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, दृष्टी अंधुक होणे किंवा भान हरपणे यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाट पाहताना आपल्या मनाने दाब उतरवू नये, कारण पक्षाघातात मेंदूच्या धोक्यातील भागाला रक्त पोहोचण्यासाठी काही काळ तो वाढलेला दाबच आधार देत असतो.

इतर औषधांची संगत हा विषय मोठा असला तरी एक त्रिकूट प्रत्येकाने पाठ करावे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा रामिप्रिल यांपैकी एक औषध आणि लघवी वाढवणारे एक औषध चालू असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिले गेले, तर मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो आणि काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊ शकते. वेदनाशामक म्हणून काय चालेल हे त्यामुळे आधीच लिहून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातील औषधाने वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते आणि रुग्ण सुस्त वा गोंधळलेला दिसतो किंवा असंबद्ध बोलू लागतो; ‘वयामुळे भ्रम झाला’ असे ठरवण्यापूर्वी रक्ततपासणी करावी. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांना सूज येते, आणि ती औषधाची आहे हे न ओळखता आणखी एक लघवीची गोळी जोडली जाते. औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध देण्याची ही साखळी वेळीच तोडली पाहिजे.

हवामानाचा संबंध येथे दूरचा नाही. एप्रिल-मेचा व ऑक्टोबरचा दमट उकाडा आणि पावसाळ्यातील जुलाब-उलट्या यांनी शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. जुलाब, उलट्या, ताप किंवा जेवण बंद अशी स्थिती असताना लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-रामिप्रिल गटातील औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये, आणि खाणे-पिणे पूर्ववत झाल्यावर ती पुन्हा सुरू करण्याची नोंदही त्याच दिवशी करून ठेवावी, कारण थांबवलेले औषध थांबलेलेच राहते असा अनुभव सर्वत्र येतो. एकादशी, रमजानचा रोजा, ख्रिस्ती उपवासकाळ या दिवसांत औषधाच्या वेळा आधी ठरवाव्यात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि लोकलसेवा खंडित झाली होती. अशा दिवसांत औषध दुकानापर्यंत पोहोचणे अशक्य होते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये प्रत्येक रुग्णाच्या नियमित गोळ्यांचा किमान १५ दिवसांचा साठा, जमिनीपासून उंच व ओल न लागणाऱ्या कपाटात असावा.

आहारात जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी आहे, आणि सुका बोंबील, जवळा, पापड व लोणचे यांतून ती सहज ओलांडली जाते. नातेवाईक प्रेमाने डबा आणतात. त्यांना मनाई करण्यापेक्षा सुकी मासळी भिजवून, पाणी टाकून देऊन, क्वचित आणि थोडी आणावी असे सांगितलेले अधिक मानले जाते. मूत्रपिंड दुबळे असून टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर मात्र कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ, रोजचे शहाळे आणि भरपूर सुकेळी यांतून पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते, हे त्यांना अवश्य समजावून द्यावे.

या साऱ्याच्या वर एक प्रश्न उरतो, तो म्हणजे औषध मुळात किती असावे. वयाच्या ८० वर्षांनंतरही रक्तदाबावर उपचार केल्याने लाभ होतो हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीने दाखवले, परंतु त्या चाचणीतून स्मृतिभ्रंश झालेल्या आणि सतत शुश्रूषेची गरज असलेल्या व्यक्ती वगळलेल्या होत्या, म्हणजे शुश्रूषागृहातील खाटेवर प्रत्यक्षात असते तीच व्यक्ती तिच्यात नव्हती. फ्रान्स आणि इटलीतील शुश्रूषागृहांत ८० वर्षांवरील १,१२७ रहिवाशांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात दोन किंवा अधिक औषधांवर असून वरचा दाब १३० च्या खाली असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पुढे औषधे टप्प्याटप्प्याने कमी करण्याची फ्रान्समधील चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा औषधे कमी केल्याने मृत्यू घटले नाहीत, पण वाढलेही नाहीत. यावरून कोणी स्वतःहून गोळी बंद करावी असे मुळीच ठरत नाही. ठरते ते इतकेच, की अशा रुग्णाची औषधे वर्षानुवर्षे न तपासता चालू ठेवण्याला आधार नाही, आणि दर तीन महिन्यांनी, तसेच प्रत्येक पडण्यानंतर, डॉक्टरांनी दाबाची नोंदवही, मूत्रपिंडाची तपासणी व सोडियम-पोटॅशियम पाहून प्रत्येक गोळीची गरज नव्याने ठरवावी. गोळी सकाळी द्यावी की रात्री, यावर होणारा वादही येथे संपवता येईल : ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांच्या २०२२ मधील चाचणीत दोन्हींत फरक आढळला नाही, त्यामुळे रुग्ण रात्री उठून पडणार नाही आणि कर्मचारी पुरेसे असतील ती वेळ निवडावी, लघवीची गोळी सकाळीच बरी.

चूक झाली तर ती लपवली जाऊ नये अशी व्यवस्था संस्थाचालकांनी करावी. चुकीची गोळी गेली असे लक्षात येताच रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, दाब व नाडी दर १५ मिनिटांनी मोजावी, डॉक्टरांना आणि कुटुंबाला त्याच वेळी सांगावे; पगार कापण्याची भीती असलेली परिचारिका हे सांगणार नाही, आणि तिने न सांगितलेल्या तासाभराची किंमत रुग्ण मोजतो. गोळीशिवाय एकही खाट नसलेल्या ठिकाणी प्रशिक्षित परिचारिकेऐवजी मावशीवर औषधाची जबाबदारी टाकणाऱ्या संस्थेने खर्चाची सबब सांगू नये. नातेवाइकांनीही आपला माणूस दाखल करताना औषध कोण देते, रात्री कोण असते आणि नोंदपत्रक पाहता येईल का, हे तीन प्रश्न विचारावेत. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असल्यास तो भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टर किंवा परिचारिकेप्रमाणेच रुग्ण व त्याचे नातेवाईकही कळवू शकतात.